नकाशावरची मोकळी जागा

"तिथे मोकळीच जागा आहे की!"

हे वाक्य कानावर पडलं की झाडबाईंच्या हातातली पेन्सिल आपोआप थांबायची. तीस वर्षांत त्यांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की कोण म्हणणार आहे, हे त्यांना म्हणणाऱ्याच्या आधी कळायचं. आज ते वीजवाल्या इंजिनियरांनी म्हटलं. टेबलभर पसरलेल्या नकाशावर त्यांचं बोट आधी इकडे-तिकडे हिंडलं आणि मग नेमकं हिरव्या रंगावर येऊन टेकलं.

"ट्रान्सफॉर्मरला फार नाही लागत हो, बाई. हा एवढासा कोपरा."

"तो कोपरा नाही. त्या हिरव्याचा मध्य आहे तो."

"मध्य तर मध्य. मोकळाच आहे ना?"

झाडबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. नकाशात प्रत्येक झाड त्या आज दिसेल तेवढं न काढता पंधरा वर्षांनी होईल तेवढं काढायच्या, आणि पंधरा वर्षांनी होणाऱ्या त्या झाडासाठी आजच भांडायच्या, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग चुकून तोंडावर म्हटलं गेलं, आणि बाई काही बोलल्या नाहीत तेव्हा तेच रूढ झालं. घरं आखणाऱ्या त्या ऑफिसात बाकी सगळे संगणकासमोर बसत. बाई खिडकीपाशी उंच स्टुलावर बसायच्या, कानावर एक पेन्सिल, हातात दुसरी, आणि तिसरी शोधत असायच्या.

हा नकाशा साबणाच्या जुन्या कारखान्याच्या जमिनीचा होता. कारखाना पाडून झाला होता. तिथे चार मजल्यांच्या आठ इमारती, चौसष्ट घरं व्हायची होती. बाईंनी गाड्या बाहेरच्या कडेलाच अडवल्या होत्या. आत येईल ते पायी येईल. इमारतींच्या मधोमध एक मोठा हिरवा तुकडा, भोवती चार लहान, आणि पाचही सगळ्यांचे. गच्चीवर पडणारं पाणी उघड्या पन्हाळीतून मधल्या उथळ खोलगट भागात यायचं आणि तिथे जिरायचं. आंघोळीचं पाणी लव्हाळ्याच्या वाफ्यातून गाळून झाडांना जायचं. पश्चिमेला उंच झाडं, म्हणजे दुपारी भिंती तापायला नकोत. आणि चौसष्टच्या चौसष्ट स्वयंपाकघरांच्या खिडक्या आतल्या हिरव्याकडे. ओट्यापाशी जे कोणी उभं असेल, त्याचा एक डोळा आपोआप बाहेरच्या पोरांवर राहील. यात आगाऊ असं काय होतं, सांगा. पण नाही.

पहिल्या बैठकीत पाणीवाले आले आणि मधल्या हिरव्यात टाकी ठेवून गेले. दुसऱ्या बैठकीत बिल्डरसाहेबांना पाहुण्यांच्या गाड्या आठवल्या. आज तिसरी, आणि ट्रान्सफॉर्मर. पाचातले अडीच तुकडे उरले होते. ऑफिसचे मालक, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते खुर्चीत मागे रेलून बसले होते. त्यांना कोणाचाच वाईटपणा घ्यायचा नसे, म्हणून ते सगळ्यांनाच होकार देत.

"बाई, थोडं ॲडजस्ट करा," साहेब म्हणाले. "सोमवारी नकाशा मंजुरीला जायचाय."

ते बाईंना सांगायची गरज नव्हती. सोमवारी मंजुरीच्या खिडकीवर शिक्का बसला की काळ्या दगडावरची रेघ, मग त्यात काडीचा बदल नाही. बाईंना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. यानंतर एवढी वसाहत त्यांच्या हाताखाली येणार नव्हती. तीस वर्षांत त्यांनी लहानमोठ्या एकतीस वसाहती आखल्या होत्या, प्रत्येकीच्या पोटात सगळ्यांसाठी हिरवळ काढली होती, आणि त्या एकतीसपैकी एकही हिरवळ आज जागेवर नव्हती. एकही! कुठे गाड्या, कुठे पंप, कुठे कुणाच्या तरी नातेवाइकाचं भाजीचं दुकान. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत. हा बत्तिसावा नकाशाही तसाच गेला, तर आपण आयुष्यभर नुसते हिरवे रंग संपवले, एवढंच खरं ठरणार होतं.

आणि याचा पुरावा बघायला त्यांना लांब जायला नको होतं. त्या स्वतः राहायच्या ती वसाहतही त्यांनीच आखलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांनी नकाशात बकुळीची तीन झाडं काढली होती. तिथे आता जनरेटर होता. तो सुरू झाला की फळीवरची झाकणं थडथडायची, आणि जिन्यात भेटणारे शेजारी वर म्हणायचे, "बाई, हे सगळं तुम्हीच केलंय ना? जरा आवाजाचं बघा की." यावर काय बोलायचं? कपाळाला हात लावायचा आणि जिना चढायचा.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली. ऑफिसात दर दहा मिनिटांनी कुणीतरी खांद्यावरून डोकावायचं, घरी कसं निवांत बसून उरलेल्या अडीच तुकड्यांचं काय करता येतं ते बघू, असा बेत. जेवणाचं टेबल पुसलं, नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"अगं, आज मोकळी आहेस ना?" नवऱ्याने वर्तमानपत्रामागून विचारलं. "नळ दुरुस्त करणारा यायचाय. तू आहेस तर मी जरा जाऊन येतो."

नवरा गेली दोन वर्षं दिवसभर घरीच असायचा. पण त्याला कधी कुणी मोकळा म्हटलं नव्हतं. तो निवृत्त होता.

तो गेला आणि नळवाला आला. नळवाल्याला आधी बादली लागली, मग फडकं, मग स्टूल, मग बाईंचा सल्ला. तो स्टुलावरून उतरतो न उतरतो, तोवर बेल वाजली. दारात लेक, आणि लेकीच्या हातात पट्टा, आणि पट्ट्याला कुत्रा.

"आई, ऑफिस नाहीये ना आज? मोकळीच आहेस तर याला ठेवते. चारपर्यंतच गं. काही त्रास नाही त्याचा."

त्रास नव्हताच. त्याने फक्त खुर्चीवर चढून मधल्या हिरव्या तुकड्यावर पुढचे दोन्ही पंजे ठेवले आणि कोपऱ्यातली एक वाटी चाटून पाहिली. बाईंनी त्याला उतरवलं. तो पुन्हा चढला. तेवढ्यात फोन वाजला. नणंदेचा.

"वहिनी, दादा म्हणाला तू आज घरी मोकळी आहेस. म्हटलं पडद्यांचं एकदा बोलून घेऊ."

"ताई, मी जरा..."

"पाच मिनिटं गं!"

पडद्यांची पाच मिनिटं पाऊण तास चालली. निळा घ्यावा की राखाडी, यावर बाईंचं मत विचारलं गेलं आणि ते खोडून काढलं गेलं. मग शेजारीण किल्ली ठेवून गेली, कारण तिच्याकडे कुणीतरी यायचं होतं आणि तोवर बाई होत्याच. मग दोन पार्सलं आली, दोन्ही दुसऱ्यांची. तीन वाजले तेव्हा नकाशावर एक रेघ ओढून झाली होती, आणि तीही कुत्र्याच्या धक्क्याने वाकडी.

साडेतीनला नवरा परतला, चपला काढल्या, टेबलाकडे पाहिलं.

"झालं का गं काम? दिवसभर मोकळीच होतीस ना."

एवढं पुरलं. बाईंच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो थांबेचना.

"मी मोकळी नाहीये! कामाला बसलेय मी इथे सकाळपासून! दिसायला मोकळी दिसते म्हणून काय कुणीही यावं आणि काहीही आणून टाकावं? कुत्रा टाका, किल्ली टाका, पडदे टाका! माझं माझं म्हणून काही आहे की नाही? मोकळी, मोकळी, मोकळी! अहो, रिकामं गोदाम आहे का मी?"

कुत्रा टेबलाखाली गेला. नवरा चपला पुन्हा घालाव्यात की काय या विचारात उभा राहिला. आणि बोलता बोलता बाईंची नजर खाली गेली. त्या समोरच्या नकाशाकडे बघत होत्या.

हिरव्या पाचही तुकड्यांवर त्यांच्याच सुरेख, गोल अक्षरात लिहिलं होतं: मोकळी जागा. मोकळी जागा. मोकळी जागा.

त्यांचं अक्षर सगळ्या ऑफिसात वाखाणलं जायचं. पहिल्या नोकरीत, पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं की जिथे काही बांधायचं नाही तिथे 'मोकळी जागा' लिहायचं. त्या तीस वर्षं लिहीत आल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा. बोलावणं आपणच धाडायचं आणि माणसं आली की त्यांच्या नावाने बोटं मोडायची! वीजवाल्याचं काय चुकलं? त्याने वाचलं आणि टाकला ट्रान्सफॉर्मर.

बाईंना स्वतःचा असा राग आला की त्यांनी खोडरबर घेऊन पाचही ठिकाणचं, टाकी, गाड्या नि ट्रान्सफॉर्मरसकट, खसाखसा खोडून काढलं. कागद एका जागी फाटायला आला.

पण मग लिहायचं काय? 'मोकळी जागा'पुढे कंसात 'अंगण' लिहून पाहिलं होतं त्यांनी एका वसाहतीत. तळमजल्यावरच्यांनी दुसऱ्याच महिन्यात दोऱ्या बांधून आपापली हद्द आखली: अंगण आहे ना, मग आमच्या दारापुढचं ते आमचं. 'बाग' लिहिलं तर लोक म्हणायचे, बाग काय नंतरही करता येईल. पेन्सिल दाताखाली धरून बाई बराच वेळ बसल्या. तिथे कोण असणार आहे, आणि काय करत असणार आहे? शेवटी तेच त्यांनी लिहायला घेतलं. मधल्या मोठ्या तुकड्यावर लिहिलं, 'पाणी मुरण्याची जागा'. पूर्वेच्या लहान तुकड्यावर, जिथे झाडांची सावली दहाच्या पुढे पडणार होती, 'रांगत्या बाळांची सावली'. मग 'सायकल शिकण्याची वाट'. मग 'चौसष्ट घरांचे भाजीचे वाफे'. उरलेल्या तुकड्यात तीन बाकं समोरासमोर होती. तिथे त्यांनी जराशा खवचटपणे लिहिलं, 'म्हाताऱ्यांची भांडायची जागा'.

"चहा ठेवू का?" नवऱ्याने लांबूनच विचारलं.

"ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि कुत्र्याला फिरवून आणा. तुम्ही निवृत्त आहात."

शुक्रवारच्या बैठकीत वीजवाल्यांचं बोट नेहमीप्रमाणे हिंडायला निघालं. हिंडलं, हिंडलं, आणि टेकायला जागाच सापडेना.

"टाकी आणि ट्रान्सफॉर्मर गेले कुठे? आणि हे काय? रांगत्या... बाळांची... सावली?"

"हो."

"मग ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवू?"

"ठेवा की तिथेच. मी कुठे अडवते? फक्त फॉर्मवर जागेचं नाव लिहावं लागेल तुम्हाला."

वीजवाल्यांनी पेन काढलं, फॉर्मवर नेलं आणि मागे घेतलं. "नाही हो, बाई. ट्रान्सफॉर्मर बाळांच्या सावलीत, असं लिहायलाच कसंतरी वाटतं." त्यांनी बोट उचललं आणि फाटकाशेजारच्या गाड्यांच्या रांगेत टेकवलं. पाणीवाले म्हणाले, टाकी काय, गाड्यांच्या खालीही बसेल, झाकण मजबूत टाकलं म्हणजे झालं. हे त्यांना पहिल्या दिवशी सुचलं नव्हतं, हे विशेष!

"पाहुण्यांच्या गाड्या तर गेल्याच, आता याही जागा खाताय तुम्ही!" बिल्डरसाहेब ओरडले.

"तिथे थोडी मोकळीक होती," बाई म्हणाल्या.

आगीच्या बंबाला आत वळायला वाट हवी, एवढं मात्र बाईंनी स्वतःहून दिलं. सायकलची वाट त्यांनी हातभर रुंद केली आणि खाली भोकांच्या विटा दाखवल्या, म्हणजे गवतही उगवेल आणि बंबही जाईल. आग लागल्यावर झाडांची बाजू घेऊन उभं राहण्याइतक्या त्या हट्टी नव्हत्या. मोठ्या साहेबांनी नकाशा उचलून डोळ्यांजवळ धरला.

"बाई, हा नकाशा आहे की निबंध?"

पण त्यांनी सही केली. पाचही तुकडे शाबूत होते. शनिवार-रविवार बाईंना जरा हलकं वाटलं, आणि सोमवारी त्या नकाशाची गुंडाळी घेऊन स्वतःच मंजुरीच्या खिडकीवर गेल्या. दुसऱ्या कुणाच्या हाती ती द्यायचं धाडस झालं नाही.

खिडकीआडच्या कारकुनांनी नकाशा उलगडला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"यात मोकळी जागा दाखवलेली नाही."

"आहे की. पाच आहेत."

"कुठे आहेत? इथे पाणी मुरतंय, इथे बाळं रांगताहेत, इथे म्हातारे भांडताहेत. मोकळं कुठे आहे?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. "अहो, तेच तर. तीच ती जागा."

"असेल. पण नियमात एकदशांश 'मोकळी जागा' सांगितलीय. ते शब्द नकाशावर नसले तर मला तो पुढे सरकवता येत नाही. लिहून आणा."

घ्या! लिहावं तर लोक गिळतात, न लिहावं तर खिडकी गिळते. लिहिलेला नकाशा उद्या कामावर जाणार, तिथे ठेकेदार तेच दोन शब्द वाचणार, आणि बाळं रांगायच्या आधी तिथे सिमेंटची पोती येणार. बाईंच्या नाकी नऊ आले. बॅगेतून पेन काढलं, झाकलं, पुन्हा काढलं.

"नियमाचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे. कुणी मागत नाही."

"मी मागतेय."

कारकुनांनी कपाटावरून पुस्तक काढून झटकलं आणि खिडकीतून सरकवलं. बाईंनी पान शोधलं. तीस वर्षं ज्याचे दोनच शब्द सगळे वापरत होते, ते वाक्य तिथे पुरतं छापलेलं होतं: 'सर्व रहिवाशांच्या वापरासाठी कायम मोकळी ठेवण्यात आलेली जागा.'

ठेवण्यात आलेली. बाईंनी ते पुन्हा वाचलं. मोकळी असणं वेगळं आणि मोकळी ठेवणं वेगळं. असलेली कुणीही भरतं. ठेवलेली कुणीतरी ठेवलेली असते. त्यांनी पेन उघडलं आणि पाचही नावांखाली ते अख्खं वाक्य, एक अक्षर न गाळता, उतरवलं.

"एवढं लांबलचक कोण लिहितं?" कारकून म्हणाले.

"तुमच्याच पुस्तकात आहे."

कारकुनांनी पुस्तक आणि नकाशा शेजारी धरून शब्दन् शब्द ताडून पाहिला. मग त्यांचं बोट नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका बारीक चौकटीवर गेलं.

"मग हेही भरणार का? एवढं पूर्ण लिहिलंय म्हणून विचारतो. नाही भरलं तरी चालतं. कुणी भरत नाही."

चौकटीवर छापलं होतं: 'ठेवणाऱ्याचे नाव, पत्ता व सही.'

ही चौकट बाईंनी एकतीस वेळा पाहिली होती. एकतीस वेळा तिच्यावरून नजर सरकवून पुढे गेल्या होत्या.

"भरलं तर काय होतं?"

"तुमच्या लेखी संमतीवाचून तिथे कुणाला वीट ठेवता येत नाही. आणि कुणी परस्पर ठेवली, तर पहिली नोटीस तुम्हाला. बिल्डर तुमच्या दारी येणार, उद्या राहायला येतील ते तुमच्या दारी येणार. जन्माची कटकट. म्हणूनच तर भरत नाहीत."

बाईंनी ती चौकट पुन्हा वाचली. इतकी वर्षं त्यांनी वीजवाल्यांना, पाणीवाल्यांना, बिल्डरला, साऱ्या जगाला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. हिरवळी गेल्या त्या गेल्याच, पण त्या राखायला एका माणसाचं नाव लागत होतं, ते मात्र त्यांनी एकदाही दिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. शरमेने की संतापाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी चौकटीत आपलं नाव लिहिलं. खरं, पूर्ण नाव, जे ऑफिसात निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं. मग ऑफिसचा पत्ता लिहायला घेतला.

"तो नको," कारकून म्हणाले. "ऑफिसं बदलतात. घरचा लागतो."

त्यांनी घरचा लिहिला, खाली सही केली आणि नकाशा खिडकीतून आत सारला. कारकुनांनी शिक्का शाईच्या डबीत बुडवला आणि हात हवेतच धरला.

"कायमचं आहे बरं का हे. पस्तावाल, बाई."

"तीस वर्षं सही न करून पस्तावतेय," बाई म्हणाल्या. "आता करून पस्तावेन. मारा शिक्का."